हौद्यातल्या पाण्याला वाट

कोकणात पत्र्याचं आणि वेल्डिंगचं काम करणाऱ्याकडे दसऱ्याच्या आसपास मालवाहू गाड्यांची रांग लागते, आणि त्यांतल्या बहुतेक जुन्या गाड्यांचं दुखणं एकच असतं. हौद्याचा तळ गेलेला असतो. पिकअप असो, छोटा हत्ती असो की जुनी चारशे सात, मालक सांगतो ते एकच : पावसानं पत्रा खाल्ला. या कामात वर्षं घातल्यावर माझं मत मात्र वेगळं झालं आहे. नुसता पाऊस पत्र्याचं फारसं बिघडवत नाही. बिघडवतं ते हौद्यात साचून राहिलेलं पाणी, आणि त्यातही तळाशी गाळ धरून बसलेलं शेवटचं बोटभर पाणी. हे एकदा पटलं की उपायांचा क्रमच बदलतो. आज मालक आधी ताडपत्री घेतो, मग रंग मारतो, मग सडलेल्या तळावर दुसरा पत्रा ठोकतो. पाण्याला बाहेर पडायला वाट करून देणं या सगळ्यात स्वस्त, पण त्याची आठवण सर्वांत शेवटी होते, बऱ्याचदा होतच नाही. माझं म्हणणं असं की जुन्या गाडीत हे काम पहिलं करावं आणि बाकीचा खर्च त्यानंतर, लागलाच तर करावा.

आधी पाण्याचा हिशेब मांडू. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर पाणी. पिकअपचा हौदा नऊ फूट लांब आणि साडेपाच फूट रुंद धरला, तर क्षेत्रफळ सुमारे ४.६ चौरस मीटर होतं. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढे पाऊस झाला की हवामान खातं त्याला मुसळधार म्हणतं. तेवढ्या पावसात उघड्या हौद्यात तीनशे लिटरच्या आसपास पाणी पडतं. अति मुसळधार म्हणजे ११५.६ मिलिमीटरच्या पुढे, तेव्हा हाच आकडा पाचशे लिटर ओलांडतो. असे दिवस कोकणात एका मोसमात पुन्हा पुन्हा येतात. तळभर एक इंच पाणी उभं राहिलं तर त्याचं वजन ११७ किलोच्या घरात जातं, म्हणजे सिमेंटच्या दोन गोण्यांहून जास्त. शिवाय बांधलेली गोणी जागा सोडत नाही, पाणी सोडतं. ब्रेक दाबला की ते केबिनकडे धावतं, घाट चढताना मागच्या फाळक्याकडे येतं, वळणावर बाहेरच्या अंगाला जाऊन तिथेच भार टाकतं, आणि कधी फाळक्यावरून उसळून मागच्या दुचाकीवाल्याच्या अंगावर जातं. रिकामी गाडी म्हणून निर्धास्त चालवणाऱ्या ड्रायव्हरला हे वजन मोजणीत धरायची सवय नसते. तरीही वजनाचा हा प्रश्न त्या मानानं थोड्या वेळाचा आहे. गाडी हलली की बरंचसं पाणी फटींतून, फाळक्याखालून निघून जातं. जे निघत नाही, त्याच्यापासून खरं नुकसान सुरू होतं.

लोखंड गंजायला पाणी आणि प्राणवायू दोन्ही लागतात, एवढं शाळेत शिकवतात. कामाची गोष्ट त्याच्या पुढची आहे. केंब्रिजच्या युलिक इव्हान्स यांचा एक साधा प्रयोग प्रसिद्ध आहे : लोखंडाच्या स्वच्छ पृष्ठभागावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवायचा. थेंबाच्या कडेला हवेतला प्राणवायू भरपूर पोचतो, मधोमध कमी पोचतो. लोखंड विरघळतं ते मधोमध, जिथे प्राणवायू कमी आहे तिथे. गंजाचं तांबडं वर्तुळ मात्र त्या जागेच्या बाहेर उमटतं. हौद्यात अगदी हेच होतं, फक्त थेंबाच्या जागी चिखलाची खपली असते. नळीच्या पत्र्याच्या खाचेत माती, भाताचं तूस, कांद्याची साल, सिमेंटची भुकटी असं काहीबाही साठतं, ते पाणी धरून ठेवतं, आणि त्याच्याखाली हवा पोचत नाही. वरून पाहणाऱ्याला खपलीच्या कडेला तांबूस रेघ दिसते, तो तिथे घासून रंग लावतो. पत्रा खरा पातळ झालेला असतो तो खपलीच्या पोटाखाली. खपली खरवडून काढली आणि स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं जागा ठोकली तर आवाजावरूनच कळतं; चांगला पत्रा खणखणतो, गेलेला पत्रा बद्द वाजतो आणि टोक आत जातं. त्यात जून महिन्यात याच गाड्या खरिपाचं खत वाहतात. पोटॅश म्हणून मिळणारं खत हे पोटॅशियम क्लोराइड असतं, म्हणजे गंजाच्या दृष्टीनं मिठाचाच भाऊबंद. गोणीच्या शिवणीतून सांडलेले त्याचे मूठभर दाणे साचलेल्या पाण्यात विरघळले की ते पाणी साधं राहत नाही. अमोनियम असलेली खतंही लोखंडाला तितकीच वाईट. खताची खेप टाकून आलेला हौदा त्याच दिवशी धुवायला हवा हे बहुतेक ड्रायव्हरांना माहीत असतं, पण धुतलेलं पाणी जाणार कुठे याची सोय नसेल तर धुण्यानं खतमिश्रित पाणी तळभर पसरतं, एवढंच.

इथे जाणकार माणूस एक आक्षेप घेतो, आणि तो वजनदार आहे. कोकणात पावसाळाभर हवाच ओली असते. गंजाचा अभ्यास करणारे धातू किती तास ओला राहिला हे मोजतात, आणि सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर व तापमान शून्याच्या वर असलेला प्रत्येक तास ओला धरतात. या मापानं जून ते सप्टेंबर हा आपल्याकडचा जवळजवळ अखंड ओला काळ ठरतो. मग हौद्यातलं पाणी काढलं काय नि न काढलं काय, पत्रा ओलाच राहणार, असं या जाणकाराचं म्हणणं. याचं उत्तर गाडीवरच लिहिलेलं असतं, वाकून पाहायला हवं. बंदरपट्ट्यातली कुठलीही जुनी गाडी घ्या. पावसाचा थेट मारा खाणारा मडगार्डचा वरचा उभार बराच शाबूत असतो, आणि ज्याला पाऊस कधी लागत नाही तो मडगार्डचा आतला ओठ, चॅनेलची पोकळी, फाळक्याच्या बिजागरीमागची जागा आधी कुजते. समुद्राकाठच्या हवेत असं का होतं हे शास्त्रालाही ठाऊक आहे : वाहतं पाणी खारट थर धुऊन नेतं, आडोशाच्या जागी तो थर साचत राहतो. म्हणजे पडून निघून जाणारा पाऊस पत्र्याची धुलाई करतो आणि पडून थांबणारा पाऊस सगळा खार एका जागी गोळा करतो. शिवाय पत्र्यावरचा पाण्याचा पातळ थर पावसाची उघडीप मिळाली, गाडी धावली, वारा लागला की सुकतो; गाळाखालचं पाणी दिवसेंदिवस सुकत नाही. ओल्या तासांची बेरीज सारखी दिसली तरी त्या तासांत पत्र्यावर काय बसून आहे, यावर सगळं ठरतं.

आता जुन्या गाडीचाच प्रश्न वेगळा का, ते पाहू. नव्या हौद्याला पाणी जायला भोकं किंवा फटी दिलेल्या असतात, आणि पहिली काही वर्षं त्या काम करतात. पुढे भोकं आहेत तिथेच राहतात आणि पाणी जमण्याची जागा सरकते. ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण मालकाचा गोंधळ इथेच होतो. तो म्हणतो, भोकं आहेत की, मोकळी पण आहेत, तरी पाणी साचतं. साचणारच. तळाचा पत्रा आडव्या चॅनेलांवर बसलेला असतो आणि दोन चॅनेलांच्या मध्ये त्याला आधार नसतो. जांभ्याचे चिरे, तेलाची पिंपं, गॅस सिलिंडर अशा टोकदार भारांनी प्रत्येक गाळा मधोमध खाली बसत जातो. भोक कडेला असतं, पाणी मध्ये. दुसरं कारण पाट्यांचं. कमानपाटे ताजे असताना रिकाम्या पिकअपची मागची बाजू उचललेली असते, त्यामुळे पाणी केबिनकडच्या भिंतीपाशी येतं. वर्षानुवर्षं भार वाहून पाटे बसले की तीच गाडी मागे कलते आणि पाणी फाळक्याच्या जोडाशी जमू लागतं. एका बाजूचे पाटे जास्त बसले असतील तर त्या कोपऱ्यात. तिसरं कारण रस्त्याचं. आपण डाव्या कडेला गाडी लावतो, रस्त्याचा उतार कडेकडे असतो, म्हणून रात्रभर उभ्या राहणाऱ्या गाडीत डावी बाजू खाली राहते. डाव्या कोपऱ्यातला पत्रा उजव्याआधी जातो असं मला पुष्कळ गाड्यांत दिसत आलं आहे, आणि त्याचं कारण गाडीत शोधून सापडत नाही, ती जिथे उभी राहते तिथे सापडतं. जुन्या हौद्याचा उतार म्हणूनच नव्यानं तपासावा लागतो. गाडी बाजारात आली तेव्हाची भोकं ही तेव्हाच्या तळासाठी होती.

तपासायला उपकरण लागत नाही. गाडी सपाट जागी रिकामी उभी करायची, हौदा झाडून धुऊन घ्यायचा, दोन-तीन बादल्या पाणी ओतायचं आणि थोडा वेळ हात लावायचा नाही. पाणी जिथे थांबेल त्याच्या कडेनं खडूची रेघ ओढायची. मग गाडी नेहमी रात्री जिथे लावतात तिथे नेऊन हेच पुन्हा करायचं, कारण पाऊस त्याच जागी सर्वांत जास्त वेळ पडणार असतो. मे महिन्यात वळीव पडला तर बादलीचीही गरज नाही. दोन्ही रेघा जिथे एकमेकींत येतात ती भोकाची जागा. मात्र भोक पाडण्याआधी गाडीखाली जाऊन पाहणं टाळू नये. खाली चासीचा लांब पट्टा असेल, ब्रेकची नळी असेल, वायरिंग असेल, डिझेलची टाकी असेल तर जागा बाजूला घ्यावी. आडव्या चॅनेलच्या डोक्यावर तर भोक कधीच नको, कारण मग पाणी चॅनेलच्या पोटात शिरतं आणि चॅनेल दोन्ही टोकांना बंद असेल तर तिथून बाहेर येत नाही. ड्रिल वरून खाली चालवावं. ही बारकी वाटणारी गोष्ट मी पुन्हा पुन्हा सांगतो. ड्रिलचं टोक ज्या बाजूनं बाहेर पडतं तिकडे पत्र्याची कड उभी राहते. गाडीखाली झोपून वर भोक पाडलं तर ती कड हौद्याच्या आत उभी राहते, आणि भोकाभोवती तिचा छोटा बांध तयार होतो. भोक असूनही दोन मिलिमीटर पाणी कायम राहतं, आणि गाळ धरायला दोन मिलिमीटर पुरतात. वरून पाडलं तर कड खाली वळते आणि थेंब तिच्यावरून सुटून पडतो. भोक अर्ध्या इंचाहून लहान नको. बारीक भोकात पाणी आपल्याच ताणानं अडून राहतं आणि कांद्याची एक साल ते बंद करते. पाऊण इंच बरं. त्याला खालून दीड-दोन इंचांची नळी जोडली तर आणखी बरं, कारण नळी नसेल तर पाणी पत्र्याच्या खालच्या अंगाला चिकटून सरकत जातं आणि पाटे, चासी, ब्रेकची नळी अशा नको त्या ठिकाणी टपकतं. वेल्डिंग करणार असाल तर बॅटरीची तार आधी सोडावी. कड कानसीनं घासून, रेड ऑक्साइडचा हात वर आणि खाली दोन्हीकडून देऊन, तो पूर्ण सुकल्यावर रंगाचे दोन हात द्यावेत. अर्ध्या दिवसाचं काम आहे, आणि त्याचा खर्च चांगल्या ताडपत्रीपेक्षा कमी येतो.

भोकालाच गंज चढेल आणि तिथून पत्रा सडेल, ही भीती मालकांना असते. ती निराधार नाही; कच्च्या कडेचं भोक वर्षभरात फुलतं. पण भोकाची कड आपल्याला दिसते, तिच्यावर ब्रश पोचतो, दर वर्षी एक हात देता येतो. गाळाखालची जागा दिसत नाही आणि तिथे ब्रश पोचत नाही. दोन धोक्यांतला जो डोळ्यांसमोर राहतो तो मी पत्करीन. पत्रा कमजोर होईल या शंकेला तर फार अर्थ नाही. भार उचलतात ते चॅनेल. गाळ्याच्या पोटातलं एक भोक त्यांच्या ताकदीला हात लावत नाही, तेच भोक चॅनेलला लागून किंवा वेल्डिंगच्या रेघेवर पाडलं तर लावतं. धान्य, वाळू, खडी वाहणाऱ्यांचा आक्षेप मात्र खरा आहे, कारण त्यांचा माल भोकातून गळणार. त्यांनी रबरी बूच वापरावं : माल भरताना लावायचं, रिकामं करताना काढायचं, आणि बुचाला साखळी लावून ते खालच्या अंगाला अडकवून ठेवायचं. याच मंडळींनी फाळक्याच्या फटीला रबराची पट्टी मारलेली असते. ती वाळू अडवते तसं पाणीही अडवते, म्हणून पावसाळ्यात तरी ती सुटी, काढता येईल अशी हवी. मासळी वाहणाऱ्यांना मी भोक पाडा असं मुळीच सांगणार नाही. बर्फाचं खारं, मासळीचं पाणी रस्त्यावर सांडलं तर मागून येणारी दुचाकी घसरते आणि गावाला वास सोसावा लागतो. तिथे सगळं पाणी एका नळीनं खालच्या टाकीत घ्यावं, टाकीला नळ असावा, आणि ती ठरल्या जागीच रिकामी करावी. वाट द्यायची हे तिथेही खरंच आहे. ती रस्त्यावर उघडायची नाही, इतकंच.

मग ताडपत्रीचं काय? मालावर ती हवीच, त्याबद्दल वाद नाही. रिकाम्या, उभ्या गाडीवर घट्ट बांधलेली ताडपत्री मात्र बहुधा नुकसानच करते. मधोमध ती झोळ घेते, झोळात शंभर-दोनशे लिटर पाणी भरतं, त्या वजनानं दोरीचे डोळे फाटतात आणि एके रात्री सगळं पाणी एकदम आत येतं. फाटली नाही तरी खालची दमट हवा कोंडते, पत्र्यावर घाम धरतो, आणि वर सांगितलेली पावसाची धुलाईही बंद होते. कमानी लावून, मध्ये उंच आणि दोन्ही टोकं मोकळी ठेवून बांधली तर गोष्ट वेगळी. तेवढा खटाटोप रोज रात्री कोणता ड्रायव्हर करतो? हौद्यात रबरी मॅट किंवा प्लायवूड अंथरणं हाही त्यातलाच प्रकार आहे. माल घासला जात नाही हे खरं, पण मॅटखाली शिरलेलं पाणी तिथेच मुक्काम करतं. अंथरायचंच असेल तर खाली पट्ट्या देऊन उचलून अंथरावं आणि आठवड्यातून एकदा उभं करून वाळवावं. काळं ऑइल फासणाऱ्यांबद्दल मला स्पष्ट बोलायला हवं. इंजिनचं जळकं तेल तळाला लावलं की पाणी सुटतं असा समज आहे. थोडे दिवस सुटतंही. पण पहिल्याच जोराच्या पावसात ते तेल रस्त्यावर, शेतात, विहिरीच्या काठावर उतरतं, आणि त्याच हौद्यातून दुसऱ्या दिवशी भाजी जाते. हा उपाय कोणी करू नये.

दुसरा पत्रा ठोकण्याचं काम आमच्या धंद्यात सर्वांत जास्त मागितलं जातं. गिऱ्हाइकाला ते मजबुतीचं वाटतं आणि वेल्डरला ते सोपं जातं, म्हणून त्याविरुद्ध बोलणारे कमी. १४ गेजचा, म्हणजे साधारण दोन मिलिमीटरचा पत्रा पूर्ण तळाला घातला तर गाडीवर ७२ किलोंची भर पडते, ती कायमची, आणि तेवढा माल प्रत्येक खेपेत कमी न्यावा लागतो किंवा तेवढा भार जास्त न्यावा लागतो. पण मला वजनापेक्षा जास्त खटकते ती दोन पत्र्यांमधली फट. जुना तळ खोलगट झालेला, नवा सपाट. मध्ये केसाएवढी, कुठे बोटाएवढी जागा राहते. टाक्यांच्या वेल्डिंगमधून पाणी आत जातं, आपोआप पसरतं, आणि तिथे हवा खेळत नाही. थेंबाच्या प्रयोगात जे मधोमध घडत होतं ते इथे अख्ख्या तळभर घडतं. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे वर्षा-दोन वर्षांत नवा पत्रा टाक्यांमध्ये फुगून वर येतो. त्या फुगवट्यांमध्ये पुन्हा पाणी. जुना पत्रा कापून काढल्याशिवाय नवा घालू नये, एवढं एक पथ्य सगळ्या वेल्डरांनी धरलं तरी पुष्कळ गाड्या वाचतील. पासिंगच्या आदल्या दिवशी गाळासकट रंग फासणं हीसुद्धा याच जातीची गोष्ट. तपासणीपुरता हौदा नवा दिसतो, आत काम चालूच राहतं.

या सगळ्यात हमालाचा विचार कोणी करत नाही याचं मला वाईट वाटतं. हौद्यात पाणी राहिलं की रंगाच्या कवचावर शेवाळ धरतं, आणि पन्नास किलोंची गोणी पाठीवर घेतलेला माणूस त्या शेवाळावर पाय टाकतो, कित्येकदा अनवाणी. पाणी दिसतं, त्याखालचा सडलेला पत्रा दिसत नाही. पाय आत गेला तर पत्र्याची कड घोट्याला कापते, आणि वर गोणीचं वजन असतं. मालक पत्र्याच्या किमतीत नुकसान मोजतो. त्या माणसाचा आठवड्याचा रोज त्या मोजणीत येत नाही. रिकामी उभी असलेली, महिनोन्महिने न हललेली गाडी तर शेजाऱ्यांनाही महाग पडते. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच साठलेल्या, बऱ्यापैकी स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, आणि अनुकूल हवेत आठवडा-दीड आठवड्यात अंड्यापासून डास तयार होतो. आरोग्य खातं आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतं तो याचसाठी. घरातली पिंपं, कुंड्या, टायर आपण पाहतो, दारातल्या गाडीचा हौदा पाहत नाही. तोच दिवस भोकांत सळई घालून ती मोकळी करायला ठरवला तर ड्रायव्हर विसरणार नाही. नाहीतर, मला मान्य आहे, कितीही चांगलं भोक एका पावसाळ्यात बुजतं.

शेवटचा आक्षेप पैशांचा, आणि तो सगळ्यात जास्त वेळा ऐकू येतो : गाडी आता किती दिवस राहणार, तिच्यावर कशाला खर्च? आठ वर्षं झालेल्या मालवाहू गाडीला दर वर्षी पासिंग करून घ्यावं लागतं, आणि २०२१ मध्ये जाहीर झालेल्या भंगार धोरणानंतर पंधरा वर्षांचा आकडा मालकांच्या डोक्यात पक्का बसला आहे. पण याच कारणानं हा खर्च करायला हवा असं मला वाटतं. ज्या गाडीला दर वर्षी तपासणीसमोर उभं राहायचं आहे, तिच्या तळाला एका पावसाळ्यात दोन पावसाळ्यांचं नुकसान सोसणं परवडत नाही. तळ गेला की प्रकरण तळावर थांबतही नाही. गळणारं पाणी त्याच त्या जागी चासीवर आणि मागच्या चाकांच्या ब्रेकच्या नळीवर पडत राहतं, आणि तिथून पुढे तो पत्र्याचा विषय राहत नाही. इंजिन अजून चांगलं, गिअरबॉक्स चांगला, आणि गाडी विकावी लागते ती चासी गंजली म्हणून, असं पाहणं मला सोसत नाही. मालक बहुधा छोटा माणूस असतो, एका गाडीवर घर चालवणारा, आणि नवी गाडी म्हणजे त्याच्यासाठी पुन्हा पाच वर्षांचे हप्ते.

जिथे भोकानं भागत नाही अशा गाड्याही असतात, हे सांगायलाच हवं. स्क्रू ड्रायव्हरचं टोक ठिकठिकाणी आत जात असेल, आडव्या चॅनेलची वरची बाजू पापुद्र्यांनी सुटत असेल, तर बादली-खडूचा उद्योग सोडून पूर्ण तळ काढावा. तेव्हा मालकानं वेल्डरकडे काही गोष्टी हट्टानं मागाव्यात. चॅनेलची उघडी बाजू खाली किंवा बाजूला हवी, वर नको, आणि त्याची टोकं मोकळी हवीत. पत्रा बसवण्याआधी चॅनेलच्या डोक्याला आणि पत्र्याच्या खालच्या अंगाला प्रायमर हवा, कारण पत्रा बसल्यावर तिथे कोणाचाच हात पोचत नाही. केबिनकडच्या भिंतीचा जोड टाक्यांवर न सोडता सलग भरून घ्यावा. कोकणात उताराशिवाय छप्पर कोणी घालत नाही, तसा तळालाही उतार मागून घ्यावा. गाडी रिकामी आणि सपाट जागी असताना मोजून, चॅनेलखाली पट्ट्या देऊन. भार भरल्यावर गाडी मागे बसते, म्हणून वाट पुढच्या दोन कोपऱ्यांत आणि मागे फाळक्याखाली, दोन्हीकडे हवी. मग रंगाचा शेवटचा हात मारण्याआधी वेल्डरसमोरच बादलीभर पाणी ओतावं. ते थांबलं तर त्याच वेळी त्याच्याकडून दुरुस्त करून घ्यावं. रंग सुकून पैसे दिल्यावर कोणी पुन्हा ड्रिल हातात घेत नाही.